गेलेल्या आट्यांची दुरुस्ती

कामशेत ही पवन मावळ आणि नाणे मावळ या दोन्ही खोऱ्यांतल्या गावांची बाजारपेठ असून, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या अनेकांची भिस्त मोटरसायकलवरच असते. त्यामुळे गाडीचे ऑइल अंगणात स्वतः बदलणे ही इथे निव्वळ हौस नसून त्याला घरखर्चाचाही हिशेब असतो. याच साध्या कामात इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल सोडण्यासाठी काढावा लागणारा बोल्ट, परत आवळताना अचानक हलका होतो आणि नुसताच फिरू लागतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘आटे गेले’ म्हणतात.

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार होय. बोरघाटाचा रस्ता वळणे घेत चढ लांबवतो आणि जड गाडीलाही वर नेतो, त्याच तत्त्वाने आटा हाताच्या थोड्या जोराचे मोठ्या दाबात रूपांतर करतो. या मोठेपणाचा अंदाज हाताला येत नाही, हेच नुकसानीचे खरे कारण आहे. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला तर सुमारे ४९ न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि १२ मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला बहुतेक गाड्यांत साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर पुरतो; इंजिनाच्या कव्हरच्या ६ मिलिमीटर बोल्टला तर १० च्या आसपास, म्हणजे त्याच पान्यावर जेमतेम चार किलोचा जोर, पुरेसा असतो. आट्यांना ऑइल लागलेले असेल तर घर्षण घटते आणि तेवढ्याच पिळात बोल्टवर अधिक ताण येतो, ही गोष्ट अनुभवी हातांच्याही लक्षात राहत नाही. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा सांगाडा अॅल्युमिनिअमचा असल्याने या झुंजीत मऊ धातू हरतो, आणि बोल्ट शाबूत राहून भोकातले आटे सोलून निघतात.

मावळात पावसाचीही भर पडते. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि ओलाव्यात पोलादाला खेटलेले अॅल्युमिनिअम अधिक वेगाने झिजून पांढरी भुकटी धरते. असा धरलेला बोल्ट जोर लावून काढला की आटेही सोबत येतात. असे बोल्ट पावसाळ्याआधी एकदा सैल करून, साफ करून पुन्हा बसवणे म्हणूनच इष्ट ठरते.

दुरुस्तीच्या प्रचलित वाटांपैकी टेफ्लॉन टेप गुंडाळणे ही दुरुस्तीच नव्हे, कारण टेप गळती लांबवते पण पकड देत नाही. भोक मोठे करून त्यात जाड बोल्टचे आटे पाडणे चालते, मात्र भोवतालची भिंत पातळ होते आणि पुढच्या खेपेला वावच उरत नाही. सर्वांत टिकाऊ उपाय हेलिकॉइलचा आहे: स्टेनलेस तारेचे, स्प्रिंगसारखे वेटोळे नव्या आट्यांत बसवले जाते आणि त्याच्या आतल्या बाजूस मूळ मापाचाच बोल्ट बसतो. नव्या आट्यांचा व्यास मोठा असल्याने ताण अधिक धातूवर पसरतो, आणि पोलादी बोल्ट वारंवार काढला-घातला तरी अॅल्युमिनिअमवर घासत नाही. कामशेतच्या छोट्या गॅरेजांनीही ६ आणि १२ मिलिमीटरचे संच जवळ ठेवणे सर्वस्वी योग्य ठरेल.

काम मात्र सबुरीचे आहे. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ६.३ मिलिमीटरचे भोक सरळ पाडावे लागते. मग संचातलाच टॅप, म्हणजे आटे पाडणारे हत्यार, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवायचा, म्हणजे कीस तुटत जातो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरल्यास बराचसा कीस त्यालाच चिकटतो. वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवून त्याचे आडवे टोक तोडले की ते टोक भोकातून बाहेर काढणे अनिवार्य असते, कारण इंजिनात पडलेला तारेचा तुकडा ऑइल पंपापर्यंत पोहोचू शकतो. शेवटी थोडे स्वस्त ऑइल ओतून ते तळातून वाहू द्यावे, नवा वॉशर घालून बोल्ट ठरलेल्या पिळाने आवळावा, आणि इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर खाली अंथरलेला कागद कोरडा आहे का ते पाहावे.