साचेखात्यातला उजेड

पडक्या गिरणीचा फोटो वाईट काढणं जवळजवळ अशक्य आहे. करवती छप्पर, फुटक्या तावदानांतून तिरपा उतरलेला उजेड, भिंतीतून बाहेर आलेला पिंपळ, गंजका जिना. कॅमेरा कुठेही रोखा, चित्र तयारच असतं. माझी तक्रार नेमकी त्या आयत्या देखणेपणाबद्दल आहे.

गिरणगावातल्या एका बंद गिरणीत, तोडकाम सुरू व्हायच्या आधी, रीतसर परवानगी काढून जाता आलं. गिरणीचं नाव छापायचं नाही एवढीच अट होती, ती पाळते. बरोबर तिथल्याच साचेखात्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक काका होते, मूळचे तळकोकणातले.

परवानगीचा उल्लेख मुद्दाम करते आहे. ऑगस्ट २०१३मध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एक तरुण छायाचित्र-पत्रकार कामासाठी गेली, सहकारी बरोबर असूनही तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तेव्हा ‘ती तिथे गेलीच कशाला’ असं विचारणारे बरेच निघाले. शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोठी जागा वर्षानुवर्षं बेवारस का राहू दिली, हे विचारणारे कमी. पडझडीच्या सौंदर्यावर लिहिण्याआधी हे आठवावं लागतं.

तर साचेखातं. साचे म्हणजे माग. ते कधीच भंगारात गेलेले, जमिनीवर फक्त बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन उरलेले. वर ते छप्पर. त्याच्या उभ्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवतात, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. सुताची गाठ, कापडातला दोष डोळ्यांना दिसावा म्हणून ही सोय. विलायतेत दुपारच्या उन्हापुरता हा हिशोब बारा महिने बरोबर येतो. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. लँकेशायरच्या गिरण्यांचं डोकं इथे जरा चुकलंच!

मी त्या उजेडाचे फोटो काढत सुटले, तर काका म्हणाले, “असला उजेड कधी नव्हता हां, बाय. काचांवर कापसाची धूळ असायची. दिवसा पण ट्यूबा चालू.” हवाही अशी मोकळी नव्हती. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत पाण्याचे फवारे सोडत आणि त्या दमट उकाड्यात पाळी भरायची. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. काका अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात आणि स्वतः ओरडून बोलतात. ज्या दालनात माझ्या फोटोतली शांतता होती, तिथे चालू गिरणीच्या काळात ती एक मिनिटसुद्धा नसणार.

कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा ठोकळा, सापडला. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात कांडी ठेवायची खाच आणि बाजूला चिनी मातीचं कडं बसवलेलं छोटंसं भोक. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक त्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. काकांनी धोटा ओठांपाशी नेऊन हवा आत ओढून दाखवली, मग गिरणीच्या पद्धतीने बाजूला थुंकले. सुताबरोबर धूळ आणि खळ पोटात जायची. एकाच धोट्याला पाळी-पाळीने अनेकांची तोंडं लागायची.

या भोकात मुंबईचा मोठा इतिहास अडकलेला आहे. तोंडाने सूत ओढायचं म्हणून विटाळाची सबब सांगत सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना विणकामाच्या खात्यात शिरू दिलं नाही. गिरणीतलं हे बऱ्या पगाराचं खातं. दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांतच अडकून राहिले. १९२८च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. छपरातल्या उजेडाच्या शंभर फोटोंमध्ये यातलं अक्षरही दिसत नाही. धोट्याच्या भोकाचा जवळून काढलेला एक फोटो, खाली दोन ओळी, आणि गोष्ट सांगता येते.

मग टाइम ऑफिस. दार उखडलेलं, आत गुडघाभर कागद. वाळवीने खाल्लेले हजेरीपट, रजेचे अर्ज, प्रॉव्हिडंट फंडाची पानं. हौशी फोटोवाल्यांना हाही ढीग आवडतो. दुरून, रुंद चौकटीत. काका मात्र मांडी घालून बसले आणि पानं वाचू लागले.

त्यांना ठाऊक होतं ते मला ऐकून माहीत होतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१मध्ये नियम आला: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात बदल करून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती आणली. बांधकामाखालची जागा हिशोबातून सुटली, सार्वजनिक वाटा आटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये ते ग्राह्य धरलं. कामगारांना म्हाडाची घरं सोडतीने मिळू लागली, पण त्यासाठी १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर तुम्ही पटावर होता हे दाखवावं लागतं. तिकीट नंबर, हजेरीकार्ड, पगाराची पावती, काहीतरी. घर खाली करताना, गावी जाताना, पुरात असे कागद किती जणांनी गमावले असतील! इकडे पटच वाळवीच्या तोंडी.

इमारत पाडू नका, असं मी म्हणत नाही. ती वेळ गेली. लोअर परळच्या फिनिक्समध्ये धुराडं ठेवलं, भोवती मॉल झाला. शोभा आहे, बाकी काही नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलं, ते चांगलंच. पण तोडकामाची परवानगी देताना ‘आधी कार्यालयातले पट कामगार खात्याकडे जमा करा’ ही एक ओळ घालायला काय खर्च होता? रंगूनी सागाच्या तुळया कंत्राटदार मोजून नेतो. कागद रद्दीच्या भावाने जातो, तोही कोरडा असला तर.

काका शोधत होते शेजारणीच्या नवऱ्याचं नाव. तो जाऊन बरीच वर्षं झाली, वारस म्हणून तिचा अर्ज आहे. ते पान मिळालं नाही. वाइंडिंग खात्यातल्या बायकांचा एक पट बराच शाबूत निघाला, तो पानोपानी काढला आणि युनियनच्या कचेरीत पोचवला.

तुमच्यापैकी कुणाला अशी आत जायची संधी मिळाली, तर उजेडाचे फोटो खुशाल काढा, मीही काढले. पण आधी टाइम ऑफिस गाठा. पान सपाट ठेवून बरोबर वरून काढा, फ्लॅश नको, चकाकतो. आणि वरच्या कोपऱ्यातला महिना, खातं आणि तिकीट नंबरांचा रकाना चौकटीबाहेर जाऊ देऊ नका.