अजिंक्य संघ आणि रिकामी मैदाने

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या फुटबॉल संघाने मिळवलेले यश त्या देशाच्या क्रीडा-इतिहासात अजून गाजते. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा तो खेळ. १९४४ आणि १९४५ या दोन्ही हंगामांत अकादमीने नऊपैकी नऊ सामने जिंकले. १९४४ साली नोत्र दाम विद्यापीठाचा तर ५९-० असा धुव्वा उडवला.

प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांची शिस्त आणि ब्लँचर्ड व डेव्हिस या खेळाडूंचे असामान्य गुण यांचा या यशात मोठा वाटा होता, यात शंका नाही. परंतु इतर महाविद्यालयांचे तरुण त्या वेळी सैन्यात भरती झाले होते. अकादमीचे छात्र मात्र शिक्षण पुरे होईपर्यंत तेथेच राहत, आणि अन्यत्र नाव कमावलेले खेळाडूही तेथे दाखल होत. युद्ध संपले, मुले परतली, आणि १९४६ मध्ये त्याच नोत्र दामशी सामना ०-० असा बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाने २१-२० असा विजय मिळवून अकादमीची बत्तीस सामन्यांची अपराजित मालिका खंडित केली.

व्यापारात प्रतिस्पर्धी बुडाला तर मक्तेदाराचा लाभ होतो. खेळात प्रतिस्पर्धी बुडाला तर खेळच बुडतो. एका संघाचे अजिंक्यपद हे खेळाच्या भरभराटीचे प्रमाण नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोलीने हा धडा वेळीच घ्यावयास हवा. १९६१ साली सातारा येथे सैनिकी शाळा निघाली. तशी शाळा चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ यावयास २०१९ साल उजाडले. तिच्यावर झालेला खर्च योग्यच आहे. पण याच जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले, हेही विसरता येणार नाही. अंगातील काटकपणा प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून ठरत नाही.

म्हणून सैनिकी शाळा, आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांचा फुटबॉल, कबड्डी व व्हॉलीबॉलचा एक समाईक वार्षिक हंगाम असावा. अंतरे मोठी आहेत, असा आक्षेप येईल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे खरे. परंतु धानाची कापणी आटोपल्यावर रस्ते मोकळे असतात. नवी क्रीडासंकुले बांधण्याच्या मानाने एस. टी.चे भाडे, मुक्कामाचे जेवण आणि प्रत्येक शाळेला चेंडू व बूट यांचा खर्च किरकोळ ठरेल.

लाभ केवळ दुर्गम भागातील मुलांचा होईल असेही नाही. उद्याच्या अधिकाऱ्याला आपल्याच जिल्ह्यातील बरोबरीच्या मुलाकडून एखादा पराभव पत्करावा लागला, तर तोही त्याच्या शिक्षणाचाच भाग होय.