मनावरील घाव आणि सम्यक् स्मृती

मारहाणीच्या खटल्यात डॉक्टरांचा दाखला दप्तरी दाखल होतो. जखम किती लांब, किती खोल, कोणत्या हत्याराने झाली असावी, हे सर्व त्यात नमूद असते. परंतु ज्या बाईचे घर तिच्या डोळ्यांदेखत पेटविले गेले, ज्या मुलाने आपल्या बापास चावडीपुढे मार खाताना पाहिले, त्यांच्या मनावरील घावाची नोंद कोणत्या दाखल्यात होते? वकिलीच्या व्यवसायात मी एक दृश्य अनेक वेळा पाहिले आहे. अत्याचारग्रस्त साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. आरोपीकडे नजर जाताच त्याचे हातपाय गार पडतात, घशास कोरड पडते, तारीख चुकते, आधी काय घडले व नंतर काय घडले याचा क्रम ढळतो. विरुद्ध बाजूचे वकील ती विसंगती नेमकी उचलतात आणि साक्षीदार खोटा असल्याचे कोर्टास सुचवितात. वस्तुतः तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मनात तो दिवस अद्याप संपलेलाच नसतो.

या घावाची लक्षणे आपल्या घराघरांतून दिसतात. मात्र त्यास कोणी घाव म्हणत नाही. रात्री दाराची कडी वाजली की दचकून उठणारी आई, घटनेचा रस्ता टाळून लांबचा फेरा घेणारा भाऊ, आठ-नऊ वर्षांचा होऊनही अंथरूण ओले करणारा मुलगा, कोणाशीच न बोलणारी सून, आणि झोप यावी म्हणून दारूच्या दुकानाची वाट धरणारा घरचा कर्ता पुरुष, ही बहुधा एकाच दुखण्याची रूपे असतात. पूर्वी आपण त्यास बाहेरची बाधा म्हणत असू आणि देवऋषीकडे जात असू. कोंबडे जाई, पैसा जाई, दुखणे मात्र राही. वैद्यकशास्त्राने हे दुखणे ओळखले आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकारास अधिकृत नाव दिले. मराठीत त्यास आघातोत्तर तणाव म्हणता येईल.

त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. संकटाच्या क्षणी लढण्यासाठी वा पळण्यासाठी शरीर सज्ज होते. छाती धडधडते, श्वास वर चढतो, स्नायू ताठ होतात. संकट टळल्यावर ही सज्जता ओसरावयास हवी. परंतु ज्यास लढताही आले नाही आणि पळताही आले नाही, त्याचे शरीर पुष्कळदा पुढे वर्षानुवर्षे पहाऱ्यावरच राहते. रॉकेलचा वास, पोलीस ठाण्याची पायरी, एखादी शिवी, एवढ्यानेही तो दिवस पुन्हा उभा राहतो. यात भित्रेपणा नाही. हाड मोडल्यावर चालता आले नाही म्हणून आपण कोणास भित्रा म्हणत नाही.

आमच्या समाजास हा अनुभव नवा नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास परमपूज्य बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्यांना आगी लावण्यात आल्या. त्या वेळची मुले आज पन्नाशी-साठीची झाली आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. लढा सफल झाला. पण त्या मुलांची उडालेली झोप कोणी परत आणून दिली? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढण्याचे काम करणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात बेदम मारण्यात आले. पुढे २६ एप्रिल २०१८ रोजी त्या कुटुंबाने इतर शेकडो बांधवांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षेने माणूस ताठ मानेने उभा राहतो, हे सत्य आहे. परंतु शरीरात मुरलेली भीती एका दिवसात निघून जात नाही, हेही तितकेच सत्य आहे. नवदीक्षित कुटुंबांनी याबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नये. 'बौद्ध झालो तरी भीती वाटते' असे म्हणणारा मनुष्य कच्चा बौद्ध नव्हे. तो जखमी बौद्ध आहे आणि जखमेवर उपचार करावयाचा असतो.

या उपचारात ध्यानास व व्यायामास काही स्थान आहे काय? आमच्यातील अनेक तडफदार कार्यकर्ते या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतात. डोळे मिटून बसणे हे बुवाबाजीचे लक्षण आहे आणि बाबासाहेबांनी आम्हांस संघर्ष शिकविला, असा त्यांचा आक्षेप असतो. त्यामागील चीड मी समजू शकतो. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे आणि त्या मार्गाचे सातवे अंग सम्यक् स्मृती हे आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मनुष्याचे मनुष्याशी असलेले नाते हा धम्माचा गाभा म्हणून त्यांनी मांडला. त्याच ग्रंथात, बुद्धाने मनास सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानी मानले, हेही त्यांनी आवर्जून सांगितले आहे. तेव्हा मनाची देखभाल हे धम्माबाहेरचे काम ठरत नाही.

सम्यक् स्मृती म्हणजे काय? सतिपट्ठान सुत्तात तिचे विवेचन आहे. त्यात देव नाही, मंत्र नाही, आत्म्याची भाषा नाही. श्वास आत आला की आत आला हे जाणावयाचे, बाहेर गेला की बाहेर गेला हे जाणावयाचे. चालताना चालत आहोत, बसलो असता बसलो आहोत, मनात भय असता भय आहे, हे जाणावयाचे. ज्याचे मन वारंवार त्या काळ्या दिवसाकडे ओढले जाते, त्यास हे साधे जाणणे आजच्या दिवसात परत आणते. आज मी माझ्या घरात आहे, पाय जमिनीवर आहेत, दार लावलेले आहे, हे शरीरास पुन्हा पुन्हा कळवावे लागते.

थेरीगाथेच्या अट्ठकथेत पटाचारेची कथा आहे. पती सर्पदंशाने गेला, एक मूल घारीने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले आणि माहेरी येते तो आईबाप व भाऊ घराखाली गाडले गेलेले. तिचे भान हरपले, अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक वेडी म्हणून तिला हाकलीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भगिनी म्हणून हाक मारली आणि स्मृती सावरण्यास सांगितले. तिला भान आले, कोणी एकाने अंगावर वस्त्र टाकले, त्यानंतर तथागतांनी धम्म सांगितला. हा क्रम लक्षात घ्यावा: आधी भान, मग लज्जारक्षण, मग उपदेश. पुढे हीच स्त्री विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य ठरली. विनय म्हणजे संघाचा कायदा. भान हरपलेली एक स्त्री सावरली आणि कायद्याची जाणकार झाली, याहून आमच्या भगिनींस मोठा दिलासा कोणता?

आता योगासनांविषयी. हात वर करणे, पाठ वाकविणे, श्वास सावकाश सोडणे ही शरीराची कर्मे आहेत. त्यांवर कोणत्याही धर्माची मक्तेदारी नाही. देवतेचे नाव व श्लोक आमच्या प्रतिज्ञांत बसत नाहीत. ते सोडून व्यायाम घेण्यास प्रत्यवाय नाही. कालामांना तथागतांनी दिलेली कसोटी येथेही लावावी: अनुभवाने हितकर ठरेल तेवढे घ्यावे. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ आघातग्रस्त स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, सौम्य योगाभ्यास दिला आणि उरलेल्यांना आरोग्यविषयक वर्ग दिले. शेवटी योगाभ्यास करणाऱ्या ३१ पैकी १६ जणींत तो विकार निदानास पात्र राहिला नाही. दुसऱ्या गटात २९ पैकी सहा जणींत तसे झाले. प्रयोग लहान आहे आणि निम्म्या स्त्रिया बऱ्या झाल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. परंतु हा भ्रम नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला ताणनिवारणाचा वर्गही बौद्ध स्मृतिसाधनेच्या आधारावरच उभा आहे. परक्यांनी आमच्या घरची वस्तू वापरावी आणि आम्ही मात्र तिच्याकडे पाठ फिरवावी, हे शहाणपणाचे नाही.

परंतु येथे दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे.

पहिला इशारा साधनेच्या अतिरेकाबद्दल. ताज्या आघाताच्या माणसास एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिरास पाठवू नये. डोळे मिटताच ज्यास ते दृश्य दिसते, त्याने डोळे उघडे ठेवावेत. पाच मिनिटे पुरेत. बसवत नसेल तर सावकाश चालावे आणि पावलांकडे लक्ष द्यावे. श्वासाकडे पाहून जीव घाबरत असेल तर हाताच्या स्पर्शाकडे पाहावे, आणि तरीही त्रास वाढला तर थांबावे. विहारात सायंकाळच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून थोडा वेळ असे बसावे. एकटेपणा हा या दुखण्याचा सोबती आहे. झोप न येणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे, अशा वेळी डॉक्टरांकडेच जावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. २०२२ सालापासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर शासनाची मोफत मदत मिळते. दारू हे औषध नव्हे, हे पाचव्या शीलाने आपणांस आधीच सांगितले आहे.

दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. गावात अत्याचार झाला की काही दिवसांनी प्रतिष्ठित मंडळी घरी येतात. झाले गेले विसरा, तुम्ही बुद्धाचे अनुयायी, मनात शांती ठेवा आणि फिर्याद मागे घ्या, असा उपदेश करतात. अशी शांती विकत घेऊ नका. धम्मात बाणाचे दोन दृष्टांत आहेत. एकात शरीरास लागलेला पहिला बाण आणि शोकाने मनास लागणारा दुसरा बाण, असा भेद सांगितला आहे. स्मृतीने दुसरा बाण टाळता येतो. पण त्यामुळे पहिला बाण मारणारा निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या दृष्टांतातील मनुष्य, बाण मारणाराचे कुळ व जात समजल्याशिवाय बाण काढू देत नाही आणि मरण्याची पाळी आणतो. तो दृष्टांत निष्फळ तत्त्वचर्चेविरुद्ध आहे. न्याय मागू नये असा त्याचा अर्थ कोणी लावील तर तो अनर्थ होय. बाण काढावयाचा तो आपण जगावे म्हणून, आणि जगावयाचे ते साक्ष देण्यासाठीसुद्धा.

कायदाही आज मनाचा घाव ओळखतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्यातील पीडिताच्या व्याख्येत शारीरिक व आर्थिक हानीबरोबर मानसिक व भावनिक हानीही स्पष्टपणे घातली आहे आणि पीडिताच्या नातलगांचाही समावेश केला आहे. कलम १५-अ प्रमाणे पीडितास व साक्षीदारास संरक्षण, प्रवास व निर्वाहाचा खर्च आणि खटला चालू असताना सामाजिक व आर्थिक पुनर्वसन मिळावयाचे आहे. नियमांप्रमाणे तातडीची मदत सात दिवसांत द्यावयाची आहे. धर्मांतराने हे संरक्षण जाते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर त्यांची कागदपत्रे जपून ठेवा आणि आपल्या वकिलास दाखवा. 'लोक वेडा म्हणतील' या भीतीने ती लपवू नका. ती आपल्यावरील अन्यायाची नोंद आहे.

साक्षीच्या दिवशी काय करावे, असे मला पुष्कळ जण विचारतात. मी त्यांना सांगतो, कोर्टात लवकर या. ओसरीवर बसा. दोन्ही पाय जमिनीवर टेका, श्वास सावकाश सोडा, पाच वेळा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करा; तो तुमचा हक्क आहे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. जे पाहिले तेच सांगा. ज्याचे पाय भुईवर आहेत त्याच्या तोंडून सत्य सरळ बाहेर पडते.

बौद्ध बंधुभगिनींनो, ज्या हातांनी आपण विहारात त्रिरत्नास वंदन करतो, त्याच हातांनी फिर्यादीवर सही करावयाची आहे. या दोन कृत्यांत विरोध नाही. आपल्या घरात कोणी रात्री दचकून उठत असेल तर त्यास हसू नका, त्यावर रागावू नका. जवळ बसा, दिवा लावा, पाणी द्या आणि तुम्हीही त्याच्याबरोबर श्वास मोजा. सकाळ झाली की त्याच्याबरोबर कोर्टाच्या तारखेस जा.

जय भीम! नमो बुद्धाय!