लाल दिवा लागला असेल तर रीबिल्ड दाबू नका

तुमच्या ऑफिसातला सर्व्हर किंवा नास बॉक्स आत्ता बीप करत असेल आणि त्यावरचे फोल्डर दिसेनासे झाले असतील, तर पुढचं वाचण्याआधी तो नीट शटडाउन करा. पुन्हा चालू करून बघू नका, डिस्कांची अदलाबदल करू नका. डेटा अजून डिस्कवर असण्याची शक्यता बरीच आहे. तो कायमचा जातो तो अनेकदा त्यानंतरच्या तासाभरात, घाबरून केलेल्या उपायांनी.

ही कळकळीची विनंती लग्नाचे फोटो सांभाळणाऱ्या स्टुडिओंना, छापखान्यांना, सीएंच्या कार्यालयांना, लहान रुग्णालयांना आणि जुन्या पोथ्या, अंक स्कॅन करून ठेवणाऱ्या ग्रंथालयांना आहे. चार डिस्कांचा बॉक्स घेताना ‘यात रेड आहे, एक डिस्क गेली तरी काम चालतं’ असं सांगितलं जातं. ते खरं आहे. पण ‘म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज नाही’ असा अर्थ आपण काढतो आणि तिथेच फसतो.

रेडची कल्पना 1988 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या आणि एखादी गेली तर तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून काढायचा. समजा, रेड 5 मध्ये तीन डिस्कांवर 1, 0, 1 असं लिहिलं आहे. चौथीवर त्यांची पॅरिटी 0 पडते, म्हणजे 1 ची एकूण संख्या सम राहते. दुसरी डिस्क गेली, तर उरलेल्या तिघींवरून तिथे 0 होता हे कळतं. दोन गेल्या तर हे गणित सुटत नाही. रेड 6 दोन डिस्कांपर्यंत तग धरतं. रेड 0 मध्ये एक गेली तरी सगळं जातं.

पहिली डिस्क जाते तेव्हा काम थांबत नाही, आणि खरा धोका तोच. बीप त्रासदायक वाटतो म्हणून कोणीतरी तो बंद करतं. बॉक्स तसाच आठवडेन् आठवडे चालत राहतो. उरलेल्या डिस्का बहुधा एकाच वेळी घेतलेल्या असतात. त्यांनी तीच उष्णता, तेच वीज जाणं-येणं सोसलेलं असतं. मग नवी डिस्क घालून रीबिल्ड लावलं, की त्या सगळ्या पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. आठ टीबीच्या डिस्कला सलग वाचनातही बारा तासांच्या आसपास लागतात, आणि बॉक्स वापरात असेल तर बरेच जास्त. या ताणात दुसरी डिस्कही मान टाकू शकते.

म्हणून एक डिस्क गेली आहे पण फाइली अजून उघडताहेत, अशी स्थिती असेल तर रीबिल्डच्या आधी कॉपी. सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी, दुसऱ्या डिस्कवर. बदली डिस्क त्यानंतर.

फाइली दिसतच नसतील, तर मात्र हात आखडता घ्या. महिन्याभरापूर्वी बाद झालेली डिस्क ‘फोर्स ऑनलाइन’ करू नका. तिच्यावरचा मजकूर शिळा आहे आणि त्या जोरावर रीबिल्ड झालं तर चांगला डेटाही बिघडेल. डिस्क काढून विंडोजला जोडली की इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करायचं का, असं विचारणारी चौकट येते. नकार द्या. चेकडिस्क चालवू नका. टकटक आवाज करणारी डिस्क पुन्हा चालू करू नका, उघडू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका.

बॉक्स बंद झाला की डिस्का बाहेर काढण्याआधी कप्प्यांचा फोटो घ्या. प्रत्येक डिस्कवर टेप लावून मार्करने कप्प्याचा क्रमांक लिहा. बॉक्सचं मॉडेल, कधी काय झालं, कोणी काय दाबलं, हे कागदावर उतरवा. काही लपवू नका. हा कागद जाणकाराचे कितीतरी तास वाचवतो.

चांगला जाणकार मूळ डिस्कांवर काम करतच नाही. तो आधी प्रत्येक डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर प्रत घेतो: सहज वाचता येतं ते आधी, खराब भाग शेवटी. मग त्या प्रतींवरच डिस्कांचा क्रम, पट्ट्यांचा आकार आणि पॅरिटीची मांडणी शोधून रेड पुन्हा जुळवतो. ‘आधी प्रत घेणार का?’ हा प्रश्न विचारा. नाही म्हटलं तर डिस्का परत घेऊन या.

आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असू द्या. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा जी-ड्राइव्ह, 858 टीबी, त्यात गेला. बाहेर बॅकअप नव्हता. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरने 2019 मध्ये आणि चिपळूणने जुलै 2021 मध्ये दुकानं-कार्यालयांत पाणी शिरताना पाहिलं आहे. सर्व्हरच्याच कपाटात ठेवलेली बॅकअप डिस्क अशा वेळी सर्व्हरबरोबरच भिजते. भिजलेली डिस्क चालू करू नका, ड्रायरने वाळवूही नका. पिशवीत बंद करून तशीच जाणकाराकडे न्या.

बॉक्स शांत असेल तर आजच त्यात लॉगिन करा. स्टेटसमध्ये ‘डिग्रेडेड’ लिहिलंय का पाहा, बिघाडाचा ईमेल ऑफिस सोडून गेलेल्या माणसाला तर जात नाही ना ते तपासा, आणि बॅकअपमधली एक जुनी फाइल खरोखर परत उतरवून उघडून बघा.