नागरिक की पाहुणे?

परगावचा आप्त आला की आम्ही त्यास चारमिनार दाखवितो, पत्थरगट्टीतील मोती व लाड बाजारातील लाखेच्या बांगड्या दाखवितो, आणि माधापूरच्या उंच संगणक-कचेऱ्याही अभिमानाने दाखवितो. परंतु ‘तुमचे घर कोणत्या वॉर्डात येते?’ असे त्याने विचारल्यास आमच्यापैकी किती जणांस उत्तर देता येईल?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १९०८ साली मूसीस महापूर येऊन हजारो माणसे प्राणांस मुकली. त्या आघातानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला, १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. त्या काळी असे निर्णय दरबारात होत. आज नगरसेवक निवडण्याचा अधिकार आमच्या हाती आहे. त्याचे आम्ही काय केले?

ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने शहरातील कित्येक वसाहती पाण्याखाली गेल्या. त्यानंतर अवघ्या दीड महिन्याने, १ डिसेंबर रोजी, महापालिकेची निवडणूक झाली आणि निम्म्याहून अधिक मतदार घरीच बसले! साथीचे भय होते, हे खरे. परंतु २०१६ साली साथ नसतानाही निम्मे मतदार केंद्रावर आले नव्हते. बेगम बाजारचा घाऊक व्यापारी असो वा माधापूरचा अभियंता, नाला तुंबला की दोघांचाही व्यवहार थांबतो. मग नाल्याची काळजी वाहणारा प्रतिनिधी निवडण्यास दोघांनाही सवड का नसावी?

आम्हा मराठी कुटुंबांस हा प्रश्न अधिकच लागू आहे. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तरी आमच्यातील अनेकांचे पूर्वज येथेच राहिले. येथे त्यांनी संसार मांडले, शाळा चालविल्या. तथापि ‘गाव तिकडे, पोट इकडे’ ही वृत्ती अद्याप सरलेली नाही. ज्या नगरीचे अन्नपाणी आम्ही घेतो, तिच्या कारभाराकडे पाठ फिरविणे शोभत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस अद्याप मताधिकार नसेल; पण डोळे व वाणी आहे. आपल्या वॉर्डाचे नाव जाणून घ्या. घरासमोरील गटार कोठे जाऊन मिळते, ते पाहा. आणि पुढील निवडणुकीच्या सकाळी घरातील वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारा, ‘मतदानास केव्हा निघायचे?’ मुलांच्या तोंडचा हा प्रश्न टाळणे मोठ्यांस सहसा साधत नाही.