स्वयंचलित शटर : सोय आणि सावधगिरी

मागील चातुर्मासातील एक संध्याकाळ. चौविहाराची वेळ साधावयाची म्हणून माझ्या पुतण्याने आपले कापडदुकान जरा लवकरच आवरले. पायरी उतरून त्याने रिमोटचे बटण दाबले आणि तो गाडीकडे वळला. शटर खाली येऊ लागले. इतक्यात त्याच्या चार वर्षांच्या मुलाचा चेंडू घरंगळत दुकानात शिरला आणि मूल त्यामागे धावले. जुन्या दिवाणजींनी त्याला दंडाला धरून मागे ओढले, म्हणून निभावले. शटर मात्र थांबले नाही. चेंडू आत कोंडून ते संथपणे जमिनीला टेकले.

वस्तुतः त्या शटरला अडथळा ओळखणारा सेन्सर बसविलेला होता. मी विचारले तेव्हा पुतण्या ओशाळून म्हणाला, "काका, त्या सेन्सरमुळे शटर रोज अर्ध्यावरून परत वर जायचे. म्हणून फिटरकडून त्याच्या तारा परस्पर जोडून घेतल्या. तेव्हापासून काही त्रास नाही."

मला बँकेतील एक प्रसंग आठवला. आमच्या एका शाखेत धोक्याची घंटा अकारण वाजत असे. ती बंदच ठेवावी, असे सुचविणारे अनेक जण होते. शोध घेतला तेव्हा एक तार सैल असल्याचे आढळले. काम दहा मिनिटांचे होते. पहारेकरी वारंवार ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधणे हा उपाय नव्हे. तो का ओरडतो, हे पाहिले पाहिजे.

शटरच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून थोड्या उंचीवर, सेन्सरचे दोन डोळे समोरासमोर असतात. त्यांच्यामधील अदृश्य किरण तुटला की उतरणारे शटर थांबते किंवा परत वर जाते. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दारांखाली सापडून लहान मुले दगावल्यानंतर तेथे कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक यंत्राला अशी सुरक्षा सक्तीची झाली. आपल्याकडे दुकानाच्या शटरसाठी ही सोय अनेकदा वेगळी मागून घ्यावी लागते. चार पैसे अधिक पडले तरी ती अवश्य घ्यावी.

शटर अर्ध्यावरून परत फिरत असेल, तर प्रथम हे डोळे पाहावेत. धूळ, कोळ्याचे जाळे, समोर ठेवलेला मालाचा गठ्ठा किंवा धक्क्याने वाकलेली पट्टी, यांपैकीच काहीतरी कारण बहुधा निघते. जाळे मऊ ब्रशने हलकेच दूर करावे, काच कोरड्या कापडाने पुसावी. कधी मावळतीचे ऊन थेट डोळ्यात शिरते. तेव्हा फिटरकडून त्याला आडोसा करून घ्यावा.

शटर अजिबात हलत नसेल, तर भिंतीवरील बटण दाबून पाहावे. त्याने शटर चालले तर रिमोटमधील सेल संपला असण्याची शक्यता अधिक. दोन्हींनी चालत नसेल तर वीजपुरवठा आणि एमसीबी तपासावा. शटर पाठोपाठ अनेकदा वरखाली केले असेल तर मोटर तापून स्वतःच बंद पडते. तिला अर्धा तास विश्रांती द्यावी. बटण दाबत राहू नये.

मोटर नुसतीच घुमते आणि शटर जागचे हलत नाही, तेव्हा बटणावरील बोट ताबडतोब उचलावे. सकाळच्या घाईत खालचे कुलूप काढावयाचे राहून जाते आणि मोटरच्या जोराने पट्ट्या वाकतात. कुलूप काढलेले असूनही हीच स्थिती असेल, तर कपॅसिटर कमकुवत झालेला असू शकतो. शटर जमिनीपूर्वीच थांबत असेल किंवा वर अधिक गुंडाळले जात असेल, तर मर्यादेचा स्विच सरकलेला असतो. ही दोन्ही कामे फिटरची.

खडखडाट वाढला तर बाजूच्या खाचांतील माती काढून सिलिकॉनचा फवारा मारावा. तेथे जाड ग्रीस लावू नये. त्यावर धूळ बसून शटर अधिकच अडते. ही स्वच्छता करण्यापूर्वी एमसीबी खाली करावा. वरच्या पेटीत मात्र आपण हात घालू नये. ज्या शटरला स्प्रिंग असते, तेथे ती वीज बंद असतानाही ताणलेलीच असते आणि निसटली तर हाड मोडते. साखळी, ब्रेक आणि स्प्रिंग यांची तपासणी जाणत्या कारागिराकडून वर्षातून एकदा करून घ्यावी. तेव्हाच अर्थिंगही पाहून घ्यावे.

वीज गेल्यावर शटर हाताने उघडण्यासाठी साखळी किंवा हँडल दिलेले असते. ते कोठे आहे व कसे वापरावे, हे दुकानातील प्रत्येकाला ठाऊक हवे. आत माणसे असताना शटर पडलेले असेल आणि आग लागली, तर ते शिकण्यास वेळ मिळत नाही. एखाद्या निवांत दुपारी वीज बंद करून सर्वांकडून सराव करून घ्यावा.

आता रिमोटविषयी. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद होते. रिमोट हीसुद्धा किल्लीच आहे. किती आहेत व कोणाकडे आहेत, हे वहीत लिहून ठेवावे. एखादा हरवला किंवा नोकरी सोडणाऱ्याने परत केला नाही, तर फिटरकडून यंत्रातील जुनी नोंद पुसून उरलेले रिमोट नव्याने जोडून घ्यावेत. मुलांच्या हाती रिमोट खेळणे म्हणून कधीही देऊ नये.

दुसऱ्याच दिवशी पुतण्याने सेन्सर पूर्ववत करून घेतला. एक पट्टी गठ्ठ्याच्या धक्क्याने वाकली होती, एवढाच काय तो दोष. आता दर महिन्याच्या १ तारखेला तो उतरत्या शटरखाली रिकामे खोके काठीने सरकवून पाहतो. हात किंवा पाय घालून परीक्षा घेत नाही. शटर थांबले की वहीत तारीख लिहितो. न थांबल्यास दुरुस्ती होईपर्यंत रिमोट गल्ल्यात बंद राहतो आणि शटर हाताच्या साखळीने उतरते.

वाचकहो, दिवसाची रोकड जुळल्याशिवाय आपण गल्ला मिटत नाही. त्याचप्रमाणे शटर जमिनीला टेकलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाठ फिरवू नये. त्यासाठी जेमतेम अर्धे मिनिट लागते.