सायकल दिली, छपराचे काय?

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु त्यागराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांची सत्ता होती, त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. अनोळखी वाटते ते पावसाचे वेळापत्रक. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास छत्र्या माळ्यावर जातात, तेव्हा इथे ईशान्य मोसमी पाऊस जोर धरतो आणि डिसेंबरपर्यंत टिकतो. या दिवसांत शाळेबाहेर दिवसभर भिजणाऱ्या सायकलींचा प्रश्न मला प्रशासकीय दृष्ट्या महत्त्वाचा वाटतो.

शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात साक्षरता मोहिमेला स्त्रियांच्या सायकल-शिक्षणाची जोड मिळाली. पुढे तमिळनाडू शासनाने २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावी-बारावीतील मुलींना मोफत सायकली देण्यास आरंभ केला आणि ही योजना क्रमाने इतर विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. धोरण उत्तम आहे. परंतु वाटलेल्या सायकलींची संख्या मोजणे सोपे असते. दोन पावसाळ्यांनंतर त्यांतील किती चालतात, हे सहसा कोणी विचारत नाही.

सायकल भिजल्याने लगेच बिघडत नाही. ती ओली राहिल्याने गंजते. आधी चेन, मग ब्रेकच्या तारा, मग पायडलच्या आसातील छर्रे. प्लास्टिकचा कागद जमिनीपर्यंत गुंडाळला तर आत दमट हवा कोंडते आणि गंज उलट वाढतो. सीटला पिशवी, चेनला आठवड्याला तेलाचे चार थेंब आणि डोक्यावर छप्पर, बाजूंनी वारा खेळता, ही खरी व्यवस्था. या भागात छपराची उत्तर व पूर्व बाजू थोडी झाकावी, कारण पावसाळी वारा बहुधा तिकडून येतो. पत्रे मात्र पक्के बोल्टने कसलेले हवेत. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने या जिल्ह्याला तो धडा दिलाच आहे.

मग असे छप्पर सर्वत्र का नसते? सायकल एका खात्याची, इमारत दुसऱ्याची, रस्त्याकडेची जागा स्थानिक संस्थेची. छप्पर कोणाचेच नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, आपण भांडवली खर्च करतो आणि घसारा विसरतो. सायकल दोनऐवजी चार वर्षे चालली, तर तिचा वार्षिक भांडवली खर्च निम्मा होतो.

विद्यार्थी दोन वर्षांत शाळा सोडतो, मग ही काळजी कशाला, असा आक्षेप येईल. पण तीच सायकल धाकट्या बहिणीला मिळते, वडिलांना शेतावर नेते. आणि चेन तुटली, तर दूरच्या वाडीतील मुलीचा शाळेचा दिवस बुडतो. असे दिवस साठत गेले की शाळाच सुटते.

देखभालीचे तत्त्व शासनाला अमान्य नाही. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता रद्द करण्याची शिफारस केली असताना केंद्र सरकारने २०१७ मध्ये पोस्टमन व रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो कायम ठेवला आणि मासिक ९० रुपयांवरून १८० रुपये केला. हाच विचार शाळांपर्यंत न्यावा. सायकल खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात छपराची तरतूद असावी, शाळेच्या नव्या आराखड्यात सायकलतळ अनिवार्य असावा आणि त्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर असावी.